परदेशी जाऊन येतो, जेवायला घरीच

विलायतेत सध्या एक वेड आहे. पहाटे उठायचं, पाठीला पिशवी लावायची, मिळेल त्या स्वस्त विमानानं मिलान नाहीतर लिस्बन गाठायचं, तिथं एक चर्च, एक कॉफी आणि एक आइस्क्रीम उरकायचं आणि रात्री परत येऊन आपल्याच गादीवर आडवं व्हायचं. सोबत कोणी नाही, आधी ठरवलेलं काही नाही. लंडनकरांना तर १९९४ पासून समुद्राखालून आगगाडी आहे. सकाळचा चहा लंडनला, दुपारचं जेवण पॅरिसला. असं करणाऱ्यांच्या मुलाखती छापून येतात, त्यांना धाडसी म्हणतात.

निपाणीकराची मुलाखत अजून कुणी छापलेली नाही. वास्तविक हे धाडस आम्ही पिढ्यानपिढ्या, पायातली चप्पलही न बदलता, करत आलो आहोत. निपाणीच्या स्टँडवर गाडीत बसलं की तासाभरात कोल्हापूर. तेवढ्यात राज्य बदलतं, मुख्यमंत्री बदलतो, पाट्यांची लिपी बदलते, पेट्रोलचा दर बदलतो, दहावीच्या परीक्षेचं बोर्ड बदलतं. एवढं सगळं बदलल्यावर त्याला परदेश म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? राहता राहिला पासपोर्ट. तर २०२१ साली, कोरोनाच्या दिवसांत, कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्याकडं आरटीपीसीआरचा निगेटिव्ह दाखला मागत होते. म्हणजे तीही हौस भागली. नाकात काडी घालून घेतल्याशिवाय हद्दीत प्रवेश नाही, हा अनुभव पॅरिसहून परतणाऱ्यालाही त्या वर्षी आला असेल. पण तो बिचारा सासुरवाडीहून परतत नव्हता.

ज्यांनी नकाशा नीट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. पुणे-बेंगळुरू महामार्गावर कोल्हापूर सोडलं की कागल, कागल सोडलं की दूधगंगा, आणि नदी ओलांडली की कोगनोळी. इथून कर्नाटक. मग निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर आणि पुढं बेळगाव. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव पाऊणशे. जवळचं ते परराज्य आणि लांबचा तो आपला जिल्हा, ही आमची मूळ पत्रिका. शिवाय गावाला लागूनच अर्जुननगर आहे. तिथलं देवचंद कॉलेज सगळे ‘निपाणीचं कॉलेज’ म्हणूनच ओळखतात, पण त्याचा पत्ता तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, आणि पदवी शिवाजी विद्यापीठाची. म्हणजे निपाणीची पोरं सायकलवरून परदेशी शिक्षणाला जातात आणि मधल्या सुट्टीत आमटीभाताला घरी येतात. ‘मुलगा फॉरेनला शिकलाय’ असं सांगून स्थळं मिळवण्याची केवढी सोय होती, पण आमच्या पालकांना ती कधी सुचली नाही.

इतिहास याहून गमतीचा. इंग्रजांच्या काळात निपाणी मुंबई इलाख्यात आणि कोल्हापूर संस्थानात. त्यामुळं आमचे आजोबा गुळाचा भाव विचारायला जायचे तेही हद्द ओलांडूनच. बेळगावकरांची तर आणखी मजा. बेळगाव इंग्रजांचं आणि त्याला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानचं. बेळगावातली बाई शहापुरी लुगडं घ्यायला चालत दुसऱ्या राजवटीत जायची आणि रंग पसंत पडला नाही म्हणून दुपारी पुन्हा सरहद्द ओलांडून बदलून आणायची. १ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्यातला चंदगड तालुका तेवढा सुटला. मधली साडेसात-पावणेआठ वर्षं निपाणी आणि कोल्हापूर एकाच राज्यात होती. बाकी जगाला साडेसातीत त्रास होतो. आम्हाला तेवढ्याच काळात आराम मिळाला.

पुढं १९६७ साली महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवावं असं सुचवलं. महाराष्ट्राला ते पटलं नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तेव्हा कोल्हापूर हा आमच्यासाठी परदेश आहे की नाही, हा प्रश्न तूर्त न्यायप्रविष्ट आहे आणि त्यावर मी अधिक बोलत नाही.

बोलायचं आहे ते एकटं जाण्याबद्दल. हद्द ओलांडणं सोपं आहे. अवघड आहे तो घरचा उंबरा.

आपल्याकडं माणसानं गावाबाहेर जाण्याची सहाच कारणं मान्य आहेत: लग्न, मयत, दवाखाना, कोर्ट, देव आणि जमीन. यांत ‘सहज’ बसत नाही. एका मंगळवारी मी चहा पिता पिता म्हटलं, “जरा कोल्हापूरला जाऊन येतो.”

“कशाला?” स्वयंपाकघरातून.

“सहज.”

भांड्यांचा आवाज थांबला. “अहो, सहज म्हणजे?” सौभाग्यवती पदराला हात पुसत बाहेर आल्या. “कागलला काय झालंय काय? आईनं फोन केला होता तुम्हाला?” सासुरवाडी कागलची असल्यामुळं त्या दिशेला माझं प्रत्येक पाऊल त्यांच्या माहेरच्या तब्येतीशी जोडलं जातं. तेवढ्यात माजघरातून आमच्या आईचा आवाज आला, “कोण गेलं गं?”

कोणी गेलेलं नाही, मीच चाललोय, हे ओरडून सांगितल्यावर तर प्रकरण जास्तच गंभीर झालं. पन्नाशीचा माणूस, आडवार, एकटा, हातात पिशवी नाही आणि कोल्हापूर. शेजारच्या काकांनी अंगणातूनच निदान केलं, “रिपोर्ट आणायला चाललासा व्हय?” मी हसलो. आमच्या गल्लीत हसणं म्हणजे होकार. कोपऱ्यावर पानपट्टीवाल्यानं कमरेकडं बघत विचारलं, “लई दुखतंय काय?” चौकात एका ओळखीच्या बाईंनी रोज सकाळी उपाशीपोटी कुळथाचं पाणी घ्यायला सांगितलं. मला मूतखडा झाला आहे, ही बातमी मी स्टँडवर पोचायच्या आधी तिथं पोचली होती.

दुसरं संकट ‘चाललाच आहेस तर’. ज्याला स्वतःचं काम नाही त्याला सगळ्यांची कामं असतात. चाललाच आहेस तर आत्याला औषध दे. चाललाच आहेस तर मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाक. चाललाच आहेस तर शाहूपुरीत एक पत्रिका द्यायची राहिली आहे, ती प्रत्यक्ष दिलेली बरी. पॅरिसला निघालेल्या लंडनकराला कुणी “आयफेल टॉवरच्या जरा पलीकडं आमच्या साडूंचं घर लागतं” असं सांगत असेल असं वाटत नाही. हात हलवत निघालेला मी स्टँडवर पोचलो तेव्हा दोन पिशव्या, एक मिक्सरचं भांडं आणि एक हळदीकुंकू लावलेली पत्रिका असा सरंजाम झाला होता.

निपाणीच्या स्टँडवर दोन राज्यांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. एकीवर कन्नड पाटी, दुसरीवर मराठी. वाचता आलं नाही तरी अडत नाही, कारण दोन्ही कंडक्टर ‘कोल्हापूर, कोल्हापूर’ एकाच चालीत ओरडतात. मी कर्नाटकच्या गाडीत शिरलो. आमच्याकडचा कंडक्टर तीन भाषांचा धनी असतो. गर्दी ढकलायला कन्नड, “मुंद होग्री, मुंद होग्री”, भांडायला मराठी, आणि नियम सांगायचा असला की हिंदी. सुट्टे पैसे मात्र त्याच्याकडं कुठल्याच भाषेत नसतात. मी पाचशेची नोट काढल्यावर “चिल्लर कोड्री” असं म्हणून त्यानं तिकिटाच्या मागं उरलेली रक्कम लिहून दिली. परकीय चलनाची अडचण ती हीच असावी.

तिकिटाचं गणित ही सीमाभागातल्या बायकांची खास विद्या आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीला बायकांना अर्धं तिकीट, पण महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेत साध्या गाड्यांतून बायकांचा प्रवास फुकट, पण कर्नाटकच्या हद्दीपुरता आणि तिथली रहिवासी असल्याचं ओळखपत्र दाखवून. झालं. थेट गाडीत बसणं आमच्या गल्लीतल्या काकूंना तेव्हापासून उधळपट्टी वाटू लागलं. त्या कोगनोळीपर्यंत कर्नाटकच्या गाडीनं फुकट जातात, तिथून कागलपर्यंत वडापची जीप धरतात आणि कागलला एसटीत चढून अर्ध्या तिकिटात कोल्हापूर गाठतात. तासाभराच्या वाटेला अडीच तास लागतात, पण वाचलेल्या पैशांत मिसळ होते. दोन सरकारांच्या तिजोऱ्या एका सकाळी हलक्या करून येणारी बाई मी दुसरीकडं पाहिलेली नाही. आमच्या वयाच्या पुरुषाला मात्र दोन्हीकडं पुरतं तिकीट. महाराष्ट्रात ७५ वर्षं पूर्ण झाली की फुकट आहे म्हणे. ती सवलत आधी मिळते की सीमाप्रश्नाचा निकाल, ते बघत आम्ही बसलो आहोत.

गाडी दूधगंगेच्या पुलावर आली. परदेशात शिरतानाचा हा क्षण. मी खिडकीतून बघत होतो. बाकीची गाडी झोपली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी बॅग उघडून बघितली नाही. पूर्वी निदान मोबाइल तरी दखल घ्यायचा. रोमिंगचे पैसे लागायचे त्या काळात पुलाच्या आसपास सगळी गाडी एकदम फोन बंद करायची. नदीकाठच्या गावांतल्या लोकांचे तर हाल. फोन पडवीत कर्नाटकचा टॉवर पकडायचा आणि परसात महाराष्ट्राचा. बाथरूमला जाताना परराज्यात जाण्याचा मान त्यांनी बरीच वर्षं भोगला. आता रोमिंग फुकट झालं आणि सीमेची शेवटची खूणही गेली.

सीमा कुणी मनावर घेत नाही हे खरं. समोरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. ऊस ज्या कारखान्याचा दर चांगला त्या राज्यात जातो. कागलकडची मंडळी पेट्रोल स्वस्त पडतं म्हणून कर्नाटकात येऊन टाकी भरतात. देवांनी तर कधीच दुहेरी नागरिकत्व घेतलं आहे. सौंदत्तीची यल्लम्मा कर्नाटकात, पण मार्गशीर्षात तिच्या डोंगरावर कोल्हापूरच्या एसटी गाड्यांची रांग लागते. जोतिबा महाराष्ट्रात, पण चैत्रात त्याच्या वाटेवर बेळगावच्या बैलगाड्या दिसतात. आणि आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेत जगाचं भविष्य सांगणारी भाकणूक होते, ती कर्नाटकात बसून मराठीत.

सीमा मनावर घेते ती फक्त गाडी. कुठं तरी एखाद्या बसला काळं फासलं जातं, की दुसऱ्या दिवशी इकडच्या गाड्या निपाणीला थांबतात आणि तिकडच्या कागलला. डिसेंबर २०२२ मध्ये हे झालं, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा झालं. मधल्या अंतरात दोन्ही सरकारांची सत्ता संपते आणि वडापवाल्याची सुरू होते. नेहमीपेक्षा दुप्पट माणसं आणि तिप्पट भाडं घेऊन तो दोन्ही भाषकांना एकमेकांच्या मांडीवर बसवतो. भाषिक सलोख्याचं इतकं घट्ट उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. सीमाप्रश्नाचा खरा लाभार्थी कोण, असं कुणी विचारलं तर वडापवाल्याकडं बोट दाखवावं.

तर मी कोल्हापूरला उतरलो. परक्या शहराचं पहिलं सुख म्हणजे तिथं आपल्याला ओळखणारं कोणी नसतं. माणूस गर्दीत हरवतो, वाटेल तिथं वळतो, वाटेल ते खातो. हे सुख मी सीबीएसच्या फाटकापर्यंत भोगलं. फाटकात मागून आवाज आला, “काय पावनं!”

मामेसासऱ्यांचे धाकटे चिरंजीव. “एकटंच? तायडी कुठाय? काय दवाखान्याचं काम हाय काय?” त्यांना मूतखड्याची बातमी अजून नव्हती, पण ते आपल्या बुद्धीनं तिथवर आले होते. त्यांना कसंबसं कटवून मी मिसळीच्या दुकानात शिरलो. कोल्हापुरात मिसळीच्या दुकानात एकट्यानं बसता येत नाही. मोकळ्या तीन खुर्च्यांवर तीन माणसं येऊन बसतातच, आणि कट वाढून घेताना समोरचा विचारतो, “कुठलं गाव?”

“निपाणी.”

“निपाणीत कुठं?”

पत्ता सांगितला. रस्सा संपायच्या आत निष्पन्न झालं की त्यांची थोरली बहीण आमच्या मागच्या गल्लीत दिलेली आहे आणि तिच्या दिराशी आमचा गटारीवरून वाद चालू आहे. मग शेजारचे गृहस्थ सरसावले. “तुमच्याकडं समदं कानडीच न्हवं?” त्यांनी मराठीत विचारलं. तसं नाही, निपाणीत घराघरांत मराठी आहे, असं मी मराठीत सांगितलं. ते माझ्याकडं कौतुकानं बघत राहिले आणि म्हणाले, “पर तुम्ही मराठी चांगलं बोलतासा की!”

ज्या भाषेसाठी आमच्या चुलत्यांनी सत्याग्रहात काठ्या खाल्ल्या, ती मला बऱ्यापैकी येते असं प्रशस्तिपत्रक मला कोल्हापुरात, पावाच्या जादा जोडीसह, मिळालं. मी आभार मानले. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “कुंदा आणला न्हाईसा?” कोगनोळीच्या पलीकडून येणारा प्रत्येक माणूस कुंद्याच्या दुकानाच्या माडीवर राहतो, अशी कोल्हापूरकरांची प्रामाणिक समजूत आहे. कुंदा बेळगावचा, तो आम्हालाही पाऊणशे किलोमीटरवरून आणावा लागतो, हे त्यांना पटत नाही.

पत्रिका पोचवली, औषध दिलं, भांडं दुरुस्तीला टाकलं. अंबाबाईचं दर्शन घेतलं. तिथं एकट्या माणसाला कुणी काही विचारत नाही, कारण देव हे मान्य कारण आहे. मग रंकाळ्यावर जाऊन पाण्याकडं बघत बसलो. परदेशी शहरात एकट्यानं पाण्याकाठी बसणं याला प्रवासवर्णनांत फार मान आहे. पॅरिसला सीन नदीच्या काठी बसलेल्या माणसाला लोक कवी समजतात. रंकाळ्याच्या काठी आडवारी एकट्यानं बसलेल्या पन्नाशीच्या माणसाला लोक वेगळंच समजतात. दहा मिनिटांत एक आजोबा शेजारी येऊन टेकले. थोडं खाकरून म्हणाले, “काय टेन्शन हाय काय?”

“नाही हो. सहज बसलोय.”

“सगळी तसंच म्हंत्यात,” आजोबा म्हणाले. मग त्यांनी माझ्यासाठी भेळ मागवली, शेतीचं कर्ज आहे की पोरांचं काही, ते आडून विचारलं, संसारात चढउतार असतातच हे सांगितलं आणि मला रिक्षात बसवूनच ते हलले. रिक्षावाल्यालाही त्यांनी हळूच काहीतरी सांगितलं असावं. तो वाटभर मला विनोद सांगत होता.

परदेशी गेल्याची खूण म्हणून काहीतरी घ्यायला हवं. चप्पल लाइनीत गेलो. दुकानदारानं करकर वाजणारी जोडी पुढं टाकली, “अस्सल कोल्हापुरी, शंभर नंबरी.” तळ चांगला जाड होता, वेणी बारीक होती. कुठं केली म्हणून विचारल्यावर तो गोरामोरा झाला आणि म्हणाला, “अथणीकडची हाय.” अथणी म्हणजे आमचा बेळगाव जिल्हा. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी ते एकत्र मिळवलं. जमिनीवरून इतकी वर्षं कोर्टात भांडणाऱ्या दोन सरकारांचं एकमत झालं ते चपलेवर. २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडानं मिलानच्या मंचावर तसलीच चप्पल दाखवली आणि तिचं गाव सांगायचं विसरले, तेव्हा दोन्हीकडून ओरड झाली. परदेशी माणसाला या चपलेचं गाव कुठलं हे नेमकं कळलं नाही, याचा मला फारसा राग आला नाही. आम्हालाही निपाणीचं राज्य कुठलं हे नेमकं सांगताना कोर्टाची तारीख सांगावी लागते.

संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. स्टँडवर उतरताच पानपट्टीवाल्यानं विचारलं, “किती एमएमचा निघाला?” मी चप्पल दाखवली. तो समजूतदारपणे म्हणाला, “असू दे. मन रमवायला काहीतरी घ्यावंच लागतंय.”

आता दुसरा परदेश. बेळगावला परदेश म्हटलं तर दोन्ही बाजूंनी दगड येतील, म्हणून हळूच सांगतो. तिथल्या बाजारात आपण घरीच असतो. गणपत गल्लीत, खडेबाजारात मराठीत भाव विचारावा, मराठीत पाडून घ्यावा. ओळखीचा भेटला की “कुठं जाऊलालास?” असं विचारतो आणि उत्तर द्यायच्या आत चहाला नेतो. परदेश लागतो तो सरकारी कचेरीच्या पायरीवर. कागद कन्नड, शिक्का कन्नड, उतारा कन्नड. खिडकीतला माणूस मात्र भला असतो. तो मराठीत समजावतो, कन्नडमध्ये लिहितो आणि इंग्रजीत सही करतो. मी तिन्ही ठिकाणी मान हलवतो. बाहेरच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड असलं पाहिजे असा आता राज्याचा कायदा आहे. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी, इंग्रजी आणि दुकानदाराचा फोन नंबर दाटीवाटीनं राहतात. शहराबाहेर २०१२ साली सुवर्ण विधानसौध उभी राहिली. दर हिवाळ्यात अख्खं सरकार बेंगळुरूहून तिथं अधिवेशनाला येतं, काही दिवस राहतं आणि परत जातं. सीमाभागाची सहल सरकारलाही आवडते. ते एकटं येत नाही, एवढाच फरक.

खऱ्या अर्थानं परदेशी शहर बेळगावकराच्या हाताशी होतं ते गोव्यात. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथं पोर्तुगीजांचं राज्य. लोंढ्याकडून गाडी कॅसलरॉकला आली की इकडचे कस्टमवाले ट्रंका उघडायचे आणि घाट उतरून कुळ्याला गेली की तिकडचे. आता चोर्ल्याच्या घाटातून सकाळी निघून पणजीत मासे खाऊन रात्री परत येतात. पण एकट्यानं नियमित गोव्याला जाणारी बेळगावची खरी प्रवासी म्हणजे भाजी. म्हादईच्या पाण्यावरून दोन राज्यांचं कितीही वाजलं तरी कोबी आणि मिरची पहाटे ट्रकात बसून परराज्यात जातात, आणि त्यांना कुणी “कशाला?” म्हणून विचारत नाही. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. ‘अपूर्वाई’ त्यांनी लिहिली ती मात्र विलायतेवर. अपूर्वाईला लांब जावं लागतं असा तेव्हा समज होता.

इतकं फिरून माझं मत असं झालं आहे. कोल्हापुरात माणसं मला ओळखतात, कागद ओळखत नाही. बेळगावात कागद मला ओळखतो, मी कागदाला ओळखत नाही. यांतला परदेश कोणता हे ज्यानं त्यानं ठरवावं. मात्र एकट्यानं प्रवास करायचा असेल तर दोन्ही निरुपयोगी. दोन्हीकडं कोणी ना कोणी भेळ मागवतंच.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांना एक सुचवणं आहे. व्हिसाची तारीख मिळत नसेल, विमानाचं भाडं झेपत नसेल, तर एखाद्या आडवारी कोल्हापूरहून आमच्याकडं या. तुमच्यासाठी परदेश इकडं आहे. कन्नडचे चार शब्द पाठ करून या: ‘नमस्कार री’, ‘एष्ट्री?’, ‘बेकु’ आणि ‘साकु’. शेवटचा, म्हणजे ‘पुरे’, नीट घोका, नाहीतर जेवणाच्या पंगतीतून उठू देणार नाहीत. खिशात सुट्टे पैसे ठेवा. कुणी विचारलं तर सहज आलोय असं सांगू नका. दवाखाना म्हणा, म्हणजे लोक निदान कुळथाचं पाणी तरी देतील. आणि उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता ते विचारून घ्या. सीमाप्रश्न १९५६ पासून थांबलेला आहे. शेवटची गाडी कुणासाठी थांबत नाही.